पाच किलो हवा : प्रस्तावना

बल्लारशाहच्या यार्डात उभ्या असलेल्या कुठल्याही कोळशाच्या वॅगनखाली वाकून पाहा. चाकांच्या वर, सांगाड्याला धरून एक लोखंडी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिसेल. दोन्ही टोकांना रबरी होज पाईप असतात आणि ते शेजारच्या वॅगनच्या होज पाईपांत अडकवलेले असतात. अशा अठ्ठावन्न वॅगन एकापुढे एक जोडल्या की इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत सहाशे मीटरहून लांब अशी एकच सलग नळी तयार होते. तिच्यात हवा भरलेली असते, दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाबाची. यार्डातली माणसं नुसतं ‘पाच किलो’ म्हणतात. हे पुस्तक त्या पाच किलोंबद्दल आहे.

कोळशाच्या या वॅगनला बॉक्सएन म्हणतात. भरलेल्या बॉक्सएन वॅगनचं एकूण वजन ८१ टनांच्या पुढे जातं. पूर्ण रेक, म्हणजे अठ्ठावन्न वॅगनची जोडलेली रांग, इंजिन सोडून साधारण पावणेपाच हजार टन. माजरी, घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यातल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींतून असे रेक रात्रंदिवस निघतात. त्यांच्या जोडीला गडचांदूर, उपरवाही, आवारपूरकडचं सिमेंट असतं आणि याच रुळांवरून दिल्ली–चेन्नई मार्गाच्या सगळ्या एक्स्प्रेस जातात. १९२९ मध्ये काझीपेट–बल्लारशाह जोडणी पूर्ण झाली आणि उत्तर-दक्षिण वाहतुकीचा हा सरळ रस्ता खुला झाला. आज बल्लारशाहला मध्य रेल्वेची हद्द संपते, दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते आणि गोंदियाहून वडसा, नागभीड, चांदा फोर्ट करत दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची लाईन येऊन मिळते. एवढं वजन रोज ज्या जिल्ह्यातून वाहतं, तिथल्या माणसाला ते थांबतं कसं हे माहीत असलं पाहिजे, या एका आग्रहातून हे लिखाण झालं.

आग्रहाला कारण आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या आयटीआयमधून फिटर, वेल्डर होऊन पोरं रेल्वेत अप्रेंटिस म्हणून येतात. कॅरेज अँड वॅगन खात्यात आली की पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात पाना येतो आणि समोर डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह. पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं हिंदीत, आणि उस्ताद म्हणतो, बघून बघून येईल. बघून हात बसतो हे खरं. पण आत काय चाललंय ते कळलं नाही तर हात चुकतो तेव्हा तो का चुकला हेही कळत नाही.

तेव्हा आधी आत काय चालतं ते थोडक्यात.

बहुतेकांची समजूत अशी असते की चालक ब्रेक लावतो तेव्हा इंजिनातून हवा मागे धावते आणि चाकं धरते. प्रत्यक्षात चालक ए-नाइन हँडल फिरवतो तेव्हा तो नळीतली हवा बाहेर सोडतो. गाडी पळत असते तेव्हा नळी भरलेली असते, आणि नळी भरलेली आहे म्हणूनच ब्रेक सुटलेले असतात. प्रत्येक वॅगनखाली एक डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह असतो. सगळे त्याला डीव्ही म्हणतात. डीव्हीच्या शेजारी दोन टाक्या असतात. एक १०० लिटरची सहायक टाकी, हिच्यात ब्रेकला लागणारी हवा साठवलेली असते. दुसरी लहान, कंट्रोल रिझर्व्हॉयर. तिच्यातली हवा खर्चायची नसते. गाडी सुटण्याआधी नळीत जो पूर्ण दाब होता तो तिच्यात कोंडून ठेवलेला असतो. डीव्ही सतत एकच काम करतो: नळीतला आताचा दाब आणि या लहान टाकीतला दाब यांची तुलना. नळीतला दाब उतरला की डीव्ही सहायक टाकीचा रस्ता ब्रेक सिलिंडरकडे उघडतो, दट्ट्या बाहेर येतो, दांडे ओढले जातात आणि ब्लॉक चाकावर बसतात. नळीतून अर्धा-पाऊण किलो कमी केलं तर हलका ब्रेक, दीड किलो कमी केलं तर पूर्ण ब्रेक. तेव्हा सिलिंडरमध्ये ३.८ किलो दाब असतो. नळी पार रिकामी केली की इमर्जन्सी. पुन्हा पाच किलो भरलं की सिलिंडरमधली हवा निघून जाते आणि ब्रेक सुटतो.

या रचनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. थांबण्याची ताकद इंजिनात नसते. प्रत्येक वॅगन स्वतःला थांबवण्यापुरती हवा स्वतःच्या पोटाखाली घेऊन चालते. इंजिनातून तिला फक्त हुकूम येतो, आणि तोही दाब कमी होण्याच्या रूपात. म्हणूनच कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, होज पाईप फाटला, प्रवाशाने साखळी ओढली किंवा गार्डने आपल्या डब्यातला व्हॉल्व्ह उघडला, तर या सगळ्यांचा परिणाम एकच: नळीतली हवा जाते आणि डबे आपापले थांबतात. बिघाड झाला की गाडी थांबण्याच्या बाजूला झुकते. दीडशे वर्षांत इंजिनं वाफेची होती ती डिझेलची झाली, डिझेलची विजेची झाली, पण हे तत्त्व कोणाला बदलावंसं वाटलं नाही.

ते सुचलं मात्र एका फटक्यात नाही. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचं पहिलं पेटंट घेतलं तेव्हा त्याचं वय बावीस होतं. पिट्सबर्गजवळच्या पहिल्या चाचणीतच रुळावर घोडागाडी आडवी आली आणि गाडी तिच्यापुढे थांबली, ही हकिगत अमेरिकेत आजही सांगतात. पण तो ब्रेक आपल्या अप्रेंटिस पोरांच्या समजुतीसारखाच होता. इंजिनातून हवा मागे सोडायची आणि तिने सिलिंडर भरायचे. नळी तुटली की मागच्या डब्यांना ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्याने ट्रिपल व्हॉल्व्ह काढला, प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी दिली आणि सगळी चाल उलटी केली. मला विचाराल तर वेस्टिंगहाऊसचं मोठेपण पहिल्या पेटंटात नसून या तीन वर्षांनंतरच्या उलट्या विचारात आहे.

तो विचार न मानण्याची किंमत १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ दिसली. संडे स्कूलच्या मुलांची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडकली. गाडी तोडून पुढचे काही डबे आधी पुढे न्यायचं ठरलं. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. नळी तुटली की तो सुटायचा. मागचे डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली, त्यांत मुलं फार. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेत तसा कायदा १८९३ मध्ये झाला.

ब्रिटिश कंपन्यांनी मात्र हा आपोआप लागणारा ब्रेक बहुतेक ठिकाणी व्हॅक्यूमच्या रूपात स्वीकारला, आणि त्यांच्यामागून भारतातल्या रेल्वेनेही. तत्त्व तेच, फक्त नळीत दाबाच्या हवेऐवजी पोकळी. इंजिनातला इजेक्टर किंवा एक्झॉस्टर हवा ओढून काढायचा, नळीत पाऱ्याच्या ५१० मिलिमीटर इतका व्हॅक्यूम ठेवायचा. ब्रेक लावायचा तर बाहेरची हवा आत येऊ द्यायची. अडचण निसर्गाचीच होती. बाहेरच्या हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास, त्यातून प्रत्यक्ष हाती लागायचा पाऊण किलोहून कमी. तेवढ्यात जोर आणायचा तर सिलिंडर मोठे आणि जड करावे लागत, आणि गाडी लांबली की शेवटच्या डब्यापर्यंत पुरेसा व्हॅक्यूम बनायचाच नाही. आपल्याकडे १९८०च्या दशकात बॉक्सएन वॅगन आल्या आणि त्यांच्यासोबत मालगाड्यांना हवेचा ब्रेक आला. जड आणि लांब कोळशाचे रेक त्याशिवाय शक्यच नव्हते. आमच्या भागात दोन्ही ब्रेक बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदले. गोंदिया–चांदा फोर्टची जुनी नॅरोगेज लाईन १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाली, पण नागपूर–नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद होईपर्यंत व्हॅक्यूमवरच थांबत होती. ज्यांना ती सामग्री डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात एक दुपार घालवावी.

इतिहासातली आणखी एक गोष्ट इथल्या वाचकासाठी महत्त्वाची आहे, कारण तिचा थेट संबंध आपल्या कोळशाच्या रेकशी आहे. १८८६ आणि १८८७ मध्ये अमेरिकेत बर्लिंग्टन इथे पन्नास-पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकच्या चाचण्या झाल्या. हवेचा ब्रेक तिथे नापास होता होता वाचला. पुढच्या डब्यांना ब्रेक लागायचा, मागच्यांपर्यंत हुकूम पोचेपर्यंत ते तसेच धावत यायचे आणि पुढच्यांवर आदळायचे. आतली माणसं फेकली जायची. वेस्टिंगहाऊसने मग प्रत्येक डब्यातला व्हॉल्व्ह असा बदलला की त्याने स्वतःही नळीतली थोडी हवा सोडावी आणि हुकूम पुढच्या डब्याकडे ढकलावा. तरीही हुकूम पोचायला वेळ लागतोच, हवेतून ध्वनी जातो त्याहून तो वेगाने जाऊ शकत नाही. म्हणून मालगाडीचा डीव्ही मुद्दाम संथ ठेवलेला असतो. प्रवासी डब्यात पूर्ण ब्रेक ३ ते ५ सेकंदांत लागतो. मालगाडीत सिलिंडर भरायला १८ ते ३० सेकंद आणि सुटायला ४५ ते ६० सेकंद लागतात. नवखा माणूस याला दोष समजतो. पण पाचव्या आणि पंचावन्नाव्या वॅगनचे ब्रेक साधारण सोबत चढावेत, कपलिंगला हिसका बसू नये, यासाठी हा संथपणा मोजून घातलेला आहे.

आता यार्डात येऊ. या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग तिथलाच आहे.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो. रुळाला, कपलिंगला, दांड्याला कशालाच उघडा हात लावता येत नाही. अशा दुपारी भरलेला रेक परीक्षेला लागला की फिटर दोन्ही बाजूंनी चालत निघतात. दोन वॅगनच्या मधे शिरून होज पाईपची तोंडं एकमेकांत फिरवून बसवायची, ती ‘टक्’ बसली पाहिजेत. आतला रबरी वॉशर तडकलेला असेल तर बदलायचा. उन्हाने आणि कोळशाच्या धुळीने तो लवकर कडक होतो. मग नळीच्या टोकाचा अँगल कॉक उघडायचा, पण सावकाश. ब्रेक पाईपला हिरवा रंग, आणि जिथे दुसरी नळी असते तिथे फीड पाईपला पांढरा. हिरव्याला हिरवा, पांढऱ्याला पांढरा. हे रंग मोडकळीला आलेल्या वॅगनवर दिसेनासे होतात, तेव्हा बोटांनी धूळ पुसून बघावं लागतं. इंजिन लागलं की कंप्रेसर हवा भरू लागतो. अठ्ठावन्न सहायक टाक्या भरायच्या असतात, वेळ लागतो. भरता भरता कानाने ऐकत जायचं. गळती डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येते. एखाद्या सांध्याजवळ बारीक शिट्टी, एखाद्या डीव्हीच्या पोटातून सतत फुसफुस. इंजिनाला पाच किलो असलं तरी शेवटी ब्रेक व्हॅनच्या गेजवर ४.७ किंवा ४.८ मिळतं, गावच्या नळयोजनेत टाकीजवळच्या घराला धो-धो आणि टोकाच्या घराला जरा कमी, तसंच. मग इंजिनाकडून भरणं बंद करून दाब किती पडतो ते घड्याळ लावून बघतात. मालगाडीत मिनिटाला पाव किलोपेक्षा जास्त पडता कामा नये.

यानंतर ब्रेक लावून प्रत्येक वॅगनचा दट्ट्या किती बाहेर आला ते पाहायचं. रिकाम्या बॉक्सएनला ८५ मिलिमीटर, भरलेलीला १३०, दहा इकडे-तिकडे. जास्त आला तर ब्लॉक झिजलेत किंवा झीज भरून काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर काम करत नाही. आलाच नाही तर ती वॅगन ब्रेकशिवाय आहे. मग ब्रेक सोडून सगळे दट्टे परत आत गेले का ते पाहायचं, कारण एखादा अडकून राहिला तर वाटेत ब्रेक बाइंडिंग होतं; चाक घासत जातं, तापतं, कधी सपाट होतं. आत येणाऱ्या गाडीच्या रोलिंग-इन परीक्षेला रुळाच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसं हेच हुंगत असतात. जळलेल्या ब्लॉकचा वास एकदा नाकात बसला की तो विसरला जात नाही. आणि उन्हाळ्यात, जेव्हा सिंदेवाही-मूलच्या बाजूला रुळालगत वाळलेला पाचोळा असतो आणि वनखातं जाळरेषा राखून बसलेलं असतं, तेव्हा अशा तापलेल्या चाकाची काळजी फक्त रेल्वेची राहत नाही.

एका लहानशा दांड्याबद्दल इथेच सांगतो, कारण पुढे त्याच्यावर पूर्ण प्रकरण आहे. जुन्या बॉक्सएनच्या बाजूला एक हँडल असतं: रिकामी किंवा भरलेली. रिकाम्या वॅगनवर भरलेलीचा जोर आला तर चाकं जाम होऊन घसरतात. भरलेल्या वॅगनवर हँडल ‘रिकामी’त राहिलं तर ब्रेक लागतो, पण अपुरा. आणि हे चालकाला त्याच्या गेजवर कळत नाही. कोळशाच्या बाबतीत निदान डोळा मदत करतो. वॅगन काठोकाठ भरलेली दिसते. लोहखनिज मात्र इतकं जड असतं की वॅगन निम्मीही भरत नाही आणि वजन पूर्ण होतं. वरून पाहणाऱ्याला ती अर्धी रिकामी वाटते. वडसा–गडचिरोली ही सुमारे ५२ किलोमीटरची लाईन होत आली आणि एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं खनिज उद्या रुळांवर चढलं, तर हे हँडल पाहणाऱ्या डोळ्यांना नवा सराव करावा लागेल. नव्या वॅगनमध्ये वजन ओळखून जोर बदलणारं यंत्र असतं. जुन्या अजून धावत आहेत.

सगळं तपासून झालं की ब्रेक पॉवर सर्टिफिकेट बनतं. गाडी परीक्षक, चालक आणि गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) तिघांच्या सह्या होतात. बाहेरच्या माणसाला तो एक कागद वाटतो. मला तो या सगळ्या व्यवस्थेचा गाभा वाटतो, आणि का ते स्पष्ट करायला हवं.

हवेचा ब्रेक बिघडला की गाडी थांबते असं मी वर म्हटलं. ते खरं आहे, पण दोन ठिकाणी खरं नाही. दोन्ही ठिकाणी तत्त्व बरोबर असूनही माणसं मेलेली आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे बंद राहिलेला अँगल कॉक. गाडीच्या मधे कुठेतरी तो बंद असला तर इंजिनापासून तिथपर्यंतची नळी व्यवस्थित काम करते. चालकाच्या गेजवर पाच किलो दिसतं, त्याने हवा सोडली की पुढचे डबे ब्रेक घेतात. मागच्या डब्यांच्या नळीतली हवा मात्र जिथल्या तिथे राहते; त्यांच्या दृष्टीने कोणी हुकूमच दिलेला नाही. २७ जून १९८८ रोजी पॅरिसच्या गार द लियों स्टेशनात असंच झालं. वाटेत एका प्रवाशाने इमर्जन्सी ब्रेक ओढला होता, तो सोडवताना चालकाच्या हातून मुख्य नळीचा कॉक बंद झाला, नंतर सिलिंडरमधली हवाही काढून टाकली गेली. जवळजवळ ब्रेकशिवाय निघालेली लोकल स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीवर आदळली आणि ५६ जण गेले. याला उपाय यंत्राचा कमी आणि माणसाचा जास्त आहे. शेवटच्या डब्यातून गार्डने हवा सोडायची आणि पुढे इंजिनात चालकाने आपल्या गेजचा काटा पडताना पाहायचा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, मधे सहाशे मीटर असतात, पण काटा पडला म्हणजे नळी सलग आहे. पुढे गाडी सुटल्यावर चालक वेग थोडा वाढवून ब्रेक हलका लावून बघतो, ती तपासणी वेगळी. नळी सलग असल्याची ही तपासणी घाईत टाळणारा माणूस सगळ्या गाडीवर उधारी करत असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे उभी गाडी. गडचिरोलीच्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक थांबताना ‘फुस्स’ आवाज येतो. त्यांनाही हवेचा ब्रेक असतो, पण ट्रकचा उभं राहण्याचा ब्रेक दणकट स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवा गेली तर स्प्रिंग चाक धरून बसते, महिनाभर धरून बसेल. वॅगनला ती स्प्रिंग नाही. तिचा ब्रेक साठवलेल्या हवेवर टिकतो, आणि साठवलेली हवा थोडी थोडी झिरपतेच. इंजिन बंद करून रेक सोडून दिला की ब्रेक कधी काही तासांत, कधी त्याहून उशिरा, पण हळूहळू सुटत जातो. ६ जुलै २०१३ रोजी कॅनडात लाक-मेगांतिक गावात ४७ माणसं जळून मेली ती याच कारणाने. चढावर उभ्या केलेल्या तेलाच्या गाडीच्या चालू इंजिनाला रात्री आग लागली, आग विझवताना इंजिन बंद केलं गेलं, हवा झिरपली, हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मू-काश्मीरमधल्या कठुआ स्टेशनातून खडी भरलेली मालगाडी चालकाविना निघाली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त धावून पंजाबात ऊंची बस्सीजवळ थांबवता आली. कोणी दगावलं नाही हे नशीब. म्हणून उभ्या गाडीला हातब्रेक, चाकाखाली लाकडी गुटके, साखळी आणि कुलूप लागतं. अप्रेंटिसला हे काम हलकं वाटतं, कारण त्यात ना गेज असतं ना व्हॉल्व्ह. चाक फिरवून हातब्रेक आवळताना त्याने कठुआ आठवावं, अशी माझी विनंती आहे.

जंगलाबद्दल न बोलता या भागातल्या ब्रेकबद्दलचं पुस्तक पुरं होणार नाही. गोंदिया–बल्लारशाह लाईन नवेगाव-नागझिऱ्याकडून ताडोबाकडे जाणाऱ्या वन्यजीवांच्या वाटा ठिकठिकाणी छेदते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघिणीचे तीन बछडे प्रवासी गाडीखाली सापडून मेले. त्यानंतर आमच्याकडे पुष्कळ लोक विचारायचे, चालकाने ब्रेक का नाही मारला? प्रश्न मनापासूनचा असतो, आणि त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं. ताशी १०० किलोमीटरने जाणारी प्रवासी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. इमर्जन्सी लावल्यावर सिलिंडर भरेपर्यंतच ती शंभर मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते, खरा वेग त्यानंतर उतरू लागतो. ताशी ६० किलोमीटरच्या मालगाडीत ब्रेक पूर्ण चढेपर्यंत तीन-चारशे मीटर जातात. वर लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांची पकडच मुळात कमी. सिलिंडरमध्ये कितीही हवा भरली तरी चाक जाम झालं की ते घसरतं, आणि पहिल्या पावसात ओल्या रुळावर तर लवकर घसरतं. सिग्नलची रचना याच हिशेबाने केलेली आहे. होम सिग्नलच्या किमान एक किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल असतो, म्हणजे चालकाला थांबायला तेवढा पल्ला मिळावा. वळणावर, रात्री, हेडलाइटच्या झोतात अचानक आलेल्या जनावराला तो पल्ला कोण देणार?

म्हणून इथे मी ठामपणे लिहितो: जनावर वाचवण्याचं काम ब्रेकवर सोडून चालणार नाही. ते वेगमर्यादेने होईल, भुयारी वाटांनी होईल, कुंपणाने होईल, आणि त्या वाटा कुठे हव्यात हे वनखातं, रेल्वे आणि गावकरी यांनी मिळून ठरवल्यावर होईल. २०२५ मध्ये या लाईनच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. गाड्या वाढणार, रूळ ओलांडायची रुंदी वाढणार. या वाटा मातीकामाच्या आधी नकाशावर आल्या तरच उपयोग आहे, कारण भराव पडल्यावर त्याखालून रस्ता काढणं कितीतरी खर्चाचं होतं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ईओटीटी या यंत्रावर आहे. गाडीच्या शेपटीला बसवलेला हा पेटारा शेवटच्या वॅगनमधला दाब बिनतारी संदेशाने चालकाला कळवतो आणि वेळ पडली तर मागूनही हवा सोडू शकतो. त्यामुळे मालगाडीला गार्डचा डबा नको, असा विचार पुढे आला आहे. यंत्र चांगलं आहे. शेवटच्या टोकाचा दाब सतत दिसणं ही मोठी सोय आहे, बंद अँगल कॉक त्याच्यामुळे तत्काळ उघडकीला येईल. पण बाइंडिंग झालेला ब्लॉक, लोंबणारा दांडा, ‘रिकामी’त राहिलेलं हँडल यांतलं काहीच त्या पेटाऱ्याला दिसत नाही. रुळाच्या कडेने चालणारी, वाकून पाहणारी माणसं कमी करताना हा फरक हिशेबात धरला जावा.

वाचकाला दोन व्यावहारिक सूचना. डीव्हीचं प्रकरण अवघड आहे. ते आकृतीवर बोट ठेवून, एकेक कप्पा समजून घेत वाचावं, आणि अडलं तर पुढे न जाता यार्डातल्या जुन्या फिटरला उघडलेला डीव्ही दाखवायला सांगावं. तो आनंदाने दाखवतो. आणि या पुस्तकातले दाबाचे, गळतीचे, दट्ट्याच्या अंतराचे आकडे वॅगनच्या प्रकाराप्रमाणे आणि रेल्वेच्या आदेशांप्रमाणे बदलतात. ड्यूटीवर असताना माझं पुस्तक बाजूला ठेवून त्या दिवशी लागू असलेलं परिपत्रक पाहावं, आणि सही त्याच्या आधारे करावी.